अर्जावरचा गावचा पत्ता

आमच्याकडे माणूस मुंबईत राहो की दुबईत, पत्ता विचारला की गावचाच लिहितो. मी माणगावला शाळेत शिकवते, तिथंच भाड्याच्या खोलीत राहते. पण माहितीच्या अधिकारातल्या अर्जावर मी सवयीनं रेवदंड्याचं घर लिहून मोकळी झाले. त्या घरात माझी आई एकटी असते. अर्ज टपालात टाकताना हे माझ्या मनातही आलं नाही.

बंदरावर नवा नियम आला होता. होडी समुद्रात न्यायच्या आधी नाखव्यानं एका कंपनीच्या ॲपला चेहरा दाखवायचा, तरच डिझेल मिळणार. उन्हानं रापलेले आमचे चेहरे त्या ॲपला काही केल्या ओळखू येईनात. माझा चुलतभाऊ टोपी काढून, टोपी घालून, हसून, डोळे वटारून दमला. "बायको पन येवढी निरखून बघत न्हाय," म्हणाला. होडी किनाऱ्यालाच राहिली.

मला राग आला. मला तो लवकर येतो. हा नियम नाखव्यांनी मागितला नव्हता, मग कुणी मागितला? म्हणून मी अर्जात विचारलं, की नियम निघायच्या आधी कंपनीची माणसं मत्स्यव्यवसाय खात्यातल्या कोणाकोणाला भेटली आणि त्यांनी काय लिहून दिलं. फार तर उत्तर येणार नाही, असं मी धरून चालले होते.

उत्तर आलं. माहिती त्रयस्थ पक्षाची आहे, त्याचं म्हणणं मागवलं आहे, एवढंच त्यात होतं. त्रयस्थ पक्ष म्हणजे अर्थात कंपनी. पुढं काहीच हलेना, तेव्हा मी अपील केलं आणि शाळेतल्या बायकांत जरा मिरवूनही घेतलं.

मग एका रविवारी आईचा फोन आला. आवाज एकदम खुशीत.

"तुझ्या हापिसातली दोन पोरं आली व्हती. लय गुणी. रिक्षावाल्यानं दारापर्यंत आणून सोडली, भाडं पन घेतलं न्हाय."

"आई, माझं कुठलं ऑफिस?"

"त्येच तुझ्या कागदाचं. मी जेवाय घातलं. सुकटीची चटणी आवडली त्यांना. जाताना पाया पडली."

माझा अर्ज माझ्या नावापत्त्यासकट कंपनीकडं गेला होता, हे मला त्या क्षणी कळलं. काय काय विचारलं त्यांनी, असं मी आईला विचारलं. कुठं काय, नुसत्या गप्पा मारल्या, म्हणाली. कोणी धमकावलं असतं तर मी पोलिसांत गेले असते. जेवून पाया पडून गेलेल्यांची तक्रार कशी लिहितात?

आईला मी काही सांगितलं नाही. ती घाबरू नये एवढंच मला हवं होतं. दिवसातून दहादा फोन करायचे. तिनं उचलायला उशीर केला की वर्गात फळ्यासमोर माझा खडू थांबायचा. अपील मागं घ्यावं, असं रोज वाटायचं. पण चुलतभावाची होडी अजून किनाऱ्यालाच होती.

सुनावणी अलिबागला होती. खोलीत अपील ऐकणारे साहेब, त्यांचा कारकून, मी आणि कंपनीचा एक माणूस. पस्तिशीचा असेल, शर्टाला कडक इस्त्री. माझ्याकडं वळून अगदी घरच्यासारखं म्हणाला, "आईंचा गुडघा कसा आहे आता?"

"बरा आहे," मी म्हणाले. वर "थँक्यू"ही म्हणाले. भीतीनं माणूस किती सभ्य होतो.

साहेबांनी विचारलं, "अपील कायम ठेवायचंय ना?" मी हो म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही, मला पुन्हा म्हणावं लागलं. ते लिहून घेत म्हणाले, "ठीक आहे. आदेश टपालानं पाठवू. पत्ता तोच ना?"

मी तोंड उघडायच्या आत तो माणूस म्हणाला, "तोच, सर."

बाहेर आले आणि रेवदंड्याची रिक्षा पकडली. आईला फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. "पावणे आलेत," म्हणाली, "च्या ठेवलाय. ये." आणि ठेवून दिला. रिक्षावाल्याला मी एवढी घाई केली, की घरी कोणी गेलं का, असं त्यानं विचारलं.

ओटीवर अनोळखी चपलांचे दोन जोड. आत एक माणूस आणि त्याची बायको बशीतून चहा पीत होते.

"कोण तुम्ही?" मी दारातूनच विचारलं. "कोणी पाठवलं? हे घर कोणी दाखवलं तुम्हाला?"

माणसानं बशी खाली ठेवली. पिशवीतून लग्नाची पत्रिका काढून आईच्या हातात दिली. चौलचे होते, माझ्या वडिलांच्या ओळखीतले. चहा तसाच ठेवून दोघं निघून गेली.

"घरात आलेल्याला आसं इचारतात?" आईला इतकी चिडलेली मी क्वचितच पाहिली असेल. मग मला सांगावंच लागलं. ती गुणी पोरं कोणाची होती ते, आणि आज त्यांच्या माणसानं काय विचारलं तेही.

आई हळूच म्हणाली, "तू कुठल्या गाडीनं येतेस त्ये सांगितलंय मी त्यांना. आनखी काय सांगितलं त्ये आठवत न्हाय." गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि तिनं दाराला कडी घातली. भर दुपारी आमच्या दाराला कडी मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात बाहेरून शेजारणीची हाक आली. तिला मीठ हवं होतं. आईनं कडीवर हात ठेवला, पण काढली नाही. माझ्याकडं बघितलं.

"उघडू का?" तिनं मला विचारलं.