मायच्या आलेखवहीतलं कासव

माझी माय, देवकाबाई, पवनीत एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. आमच्या वस्तीतली पोरं तिच्या वजनकाट्याच्या झोळीत लटकूनच मोठी झाली; मीही. अजूनही रस्त्यात एखादा मिशीवाला गडी थांबून 'जयभीम बाई' म्हणाला, की तिची नजर आधी त्याच्या दंडाकडे जाते, भरलाय की नाही ते बघायला.

ती रिटायर झाली त्या वर्षी, रोवणीच्या दिवसांत, धानाच्या बांधीत कुत्र्यानं कासवाचं पिल्लू धरलं. मायनं ते सोडवून पदरातून घरी आणलं. काळं, मातीनं माखलेलं, नुसतं ढेकूळ. तेच नाव पडलं.

घरच्या काट्यावर ते मोजलंच जाईना. सोमवारी ती श्रावणभाऊ सोनाराच्या दुकानात गेली आणि दागिना ठेवावा तसं ढेकूळ ताटलीत ठेवलं.

"बारा ग्रॅम," श्रावणभाऊ हसत म्हणाले. "बाई, मोडीत घालता का?"

माझ्या कॉलेजच्या उरलेल्या आलेखवहीत मायनं रेघा आखल्या. वजन, पाठीची लांबी, डोळे, खाणं. मग दर सोमवारी सोनाराकडे फेरी. मी नागपूरहून सुट्टीत आले, की चहाच्या आधी वही पुढे यायची. त्या वहीचा वास अजून आठवतो: शाई, आणि थोडा चिखल.

दिवाळीच्या सुमारास तिचा फोन आला. "हर्षा, वजन घटून राहिलं वं. दोन सोमवार झाले."

"काटा चुकला असंल."

"काटा नाही चुकत, आपण चुकतो."

ढेकळाचे डोळे सुजले होते, पाठ बोटानं दबत होती. मी आले आणि आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वही उलटून पाहिली.

"खायला काय देता?"

"भात."

"आणि ठेवता कुठे?"

"ओट्याखाली. सावलीत."

"भात बंद करा. गांडुळं द्या, पाण्यातला पाला द्या. अन् रोज ऊन. उन्हाशिवाय पाठ टणक होत नाही." मग ते हळूच म्हणाले, "आणि बाई, हे घरी पाळता येत नाही. कायद्यानं मनाई आहे."

मायनं वही मिटून काखेत घातली. डॉक्टरांनीच वनखात्याला फोन लावला. बरं होईपर्यंत उपचार करा, मग आणून द्या, असं ठरलं.

तो हिवाळा मायनं गच्चीवर काढला. टबाशेजारी बसून हातातल्या काठीनं कावळे हाकलायची. आधी डोळे उघडले, मग पाठ टणक झाली. होळीला श्रावणभाऊंनी आकडा वाचला, "एकतीस!" आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले.

पावसाळा संपल्यावर वनरक्षकासोबत आम्ही तलावावर गेलो. मायनं ढेकूळ काठावर ठेवलं. ते जरा वेळ तसंच बसलं, मग पाण्यात सरकलं. मायनं डोळे पुसले नाहीत, पण बराच वेळ ती हललीही नाही.

परतताना बसस्टँडवर चहा पिता पिता ती अचानक बोलायला लागली.

"तू चौथीत होतीस. एका पावसात मी एका घरी गेलीच नाही. तिथल्या पोरीचं वजन नोंदवहीत अंदाजानं टाकलं. पुढच्या महिन्यात तिले उचलून भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं."

"मग?"

"वाचली. तिचं लग्नही झालं. पण मी कोणाले सांगितलं नव्हतं."

तिच्या कपातला चहा निवला होता. मी दुसरा सांगितला.