तिले जरा दम खाऊ द्या

माणूस गेल्याची बातमी बहुतेकांना बाहेरून कळते. फोन येतो, नाहीतर कुणीतरी दारात येऊन उभं राहतं. सुगतदादाची बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच दवाखान्याच्या आतून बाहेर आणली. आणि ज्यांना ती सांगायची होती ते त्याचे वडील, माझे मोठेबाबा, फाटकाजवळ गाडीत बसले होते. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर, इंजिन चालू. मी काचेपाशी गेले. मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "आलोच पोरी. दम खाऊन राह्यली ना गाडी..."

आमच्या घराबाहेरच्या कुणाला या वाक्याचा अर्थ लागणार नाही. म्हणून मागून सांगत येते.

सुगत माझा चुलतभाऊ. आदिलाबादला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मोठेबाबा शाळेतून निवृत्त झालेले, दादा बोथच्या कचेरीत कारकून. आमचं घर पत्रकांचं. जयंतीची, मोर्चाची, कुणाची शिष्यवृत्ती अडली त्याची, कुठल्या गावात विहिरीवर अडवलं त्याची. पत्रकं घरात यायची ती शाईच्या वासासकट, आणि अक्षर ओळखायच्या आधी मी त्यांच्या घड्या घालायला शिकले. पुढे ती लिहूही लागले. दादा यावरून मला कधी सोडायचा नाही. मी अंगणात पाऊल टाकलं की विचारायचा, "या पुढारीणबाई. आज कोनाचा जाहीर निषेध हाय?" मी म्हणायची, तुझाच. मग तो मान खाली घालून पुन्हा कुठल्यातरी पंख्यात, मोटारीत डोकं घालायचा. जगात अन्याय आहे हे त्याला मान्य होतं. पण आधी पंखा फिरला पाहिजे, असं त्याचं मत होतं.

मोठेबाबांनी निवृत्तीनंतर एक जुनी छोटी पेट्रोलची गाडी घेतली. सपाटीला ती बरी चालायची. पण दादाची बहीण उटनूरच्या पल्याड जंगलातल्या गावात दिलेली, आणि त्या रस्त्याला घाट लागतो. बहिणीच्या मुलाच्या नामकरणाला आम्ही पाच जण निघालो, मागे डब्बे आणि पातेली. अर्ध्या चढावर गाडीनं मान टाकली. पहिल्या गिअरमध्येही पुढे जाईना. "दोघं-तिघं उतरा बाप्पा," मोठेबाबा म्हणाले. पहिली उतरली मोठीआई, दादाची आई. "मीच जड हावो, मीच उतरते," असं स्वतःच हसत म्हणाली. गुडघे गेलेली बाई डोक्यावर पदर घेऊन रिकाम्या गाडीमागे घाट चढू लागली. मागून एक मोठी गाडी आली, काच खाली झाली, आतून ओळखीचा एक माणूस मोठेबाबांना म्हणाला, "गुरुजी, तुमी गाडीत आन् बाई पायी? बरा हिशोब हाय." आतली माणसं हसली आणि गाडी सर्रकन वर निघून गेली. दादा आईचं कोपर धरून चालत होता.

आमचे आजोबा शेतमजूर. त्यांच्या गावात मोठ्या घरासमोरून बंडी जायची झाली की आमच्या माणसांनी खाली उतरायचं, पायताण हातात घ्यायचं, आणि ते घर मागे पडल्यावरच पुन्हा बंडीत चढायचं. ही गोष्ट आमच्या दोन्ही घरांत इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती आम्हाला सांगितली गेली की आमच्यावरच गुदरली, हेच आता कळत नाही. मी तिच्यावर लेख लिहिला, भाषणात वापरली, टाळ्या घेतल्या. दादानं त्या संध्याकाळी घरी आल्यावर एवढंच म्हटलं, "आपल्या घरचं मानूस आता कोन्याच चढावर उतरनार नाई." मी तेव्हा वाद घातला. म्हटलं, दादा, इंजिनाचा जोर कमी पडणं वेगळं आणि बंडीतून उतरवणं वेगळं. तू दोन गोष्टी एक करून राह्यला. तो म्हणाला, "मायच्या गुडघ्याले इचार, वेगळं हाय का ते."

नवी ताकदीची गाडी घेणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. म्हणून त्यानं ठरवलं, आहे त्याच इंजिनाला टर्बो लावायचा. मला त्यानं अंगणात खडूनं चित्र काढून समजावलं. इंजिनातून धूर बाहेर पडतो, त्या धुराच्या झोतावर एक छोटं चाक फिरवायचं; त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, ते बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरतं. हवा जास्त, त्या मापानं पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. "जो धूर वाया जाते ना, त्यालेच कामाले लावतो मी." मला हे फार आवडलं. ज्याला बाहेर फेकलं तोच परत येऊन ताकद देतो, असं काहीतरी मी बोलले. तो खडू झटकत म्हणाला, "हो, आता धुरावर बी पत्रक काढ."

आमच्या गाडीचे मिस्त्री चाचा. त्यांनी ऐकूनच हात जोडले. "बेटा, बकरी को घोड़े का फेफड़ा लगाएगा तो बकरी मरेगी." दादानं मनावर घेतलं नाही. नागपूरच्या भंगारातून एका डिझेल गाडीचा टर्बो आणला. पाइप, क्लँप, दाबाचं घड्याळ, पेट्रोल वाढवायचा छोटा डबा, हे सगळं फोनवर शोधून सर्वांत स्वस्त मिळेल तिथून मागवलं. मग सुरू झाल्या त्याच्या संध्याकाळी. बोथहून बसनं यायचा, चहा घ्यायचा, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीखाली सरकायचा. बाहेर नुसते पाय दिसायचे. मोठीआई त्या पायांशीच बोलायची. "अरे, पोरगी पाहाले जाचं हाय रविवारी." पाय म्हणायचे, "आधी टर्बो बसू दे. मंग बायको."

स्वस्त वस्तूंविषयी मला इथे माझं जुनं भांडण भांडू द्या. त्या वस्तू विकणाऱ्याला ठाऊक असतं की त्या टिकणार नाहीत. घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी तो घेतो, कारण दुसरं दार त्याच्यासाठी उघडं नसतं, आणि उरलेली किंमत तो आपल्या संध्याकाळींनी भरतो. टर्बोतलं तेल परत इंजिनात आणणारी रबरी नळी आली ती साध्या रबराची निघाली. गरम तेलात ती फुगली, आतून बंद झाली, आणि तेल जायला जागा न उरल्यामुळे धुरात गेलं. गल्लीभर निळा धूर. शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले पापड वाया गेले, त्या आठवडाभर बोलल्या नाहीत. दाबाचं घड्याळ इंजिन बंद असतानाही दाब दाखवायचं. क्लँप सुटायचे. प्रत्येक वेळी तो पुन्हा गाडीखाली. मग कापसाचा हंगाम आला. बाजार समितीच्या रस्त्यावर सगळीकडे रुई उडते, आणि टर्बोला हवा फार लागते. त्यानं हवेची जाळी पुढे खालच्या अंगाला बसवली होती. एका फेरीत तिच्यावर गादी भरावी तशी रुई बसली आणि गाडी गुदमरली. बाजारात सगळे हसले. "गुरुजीच्या पोरानं जिनिंग उघडली," असं कुणीतरी म्हटलं. मोठीआईनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला. तो जाळीवर बांधला. गाडीला लावलेल्या सगळ्या सामानात पहिल्या दिवसापासून नीट चाललेली तेवढी एकच गोष्ट.

टर्बोचा एक नियम त्यानं घरात सगळ्यांना पाठ करून घेतला. कुठेही पोचलं की किल्ली लगेच फिरवायची नाही. ते चाक तापून लाल झालेलं असतं. इंजिन एकदम बंद केलं तर तेल थांबतं, आणि थांबलेलं तेल तिथेच जळून जातं. गाडी उभी करून थोडा वेळ तशीच चालू ठेवायची. "तिले जरा दम खाऊ द्या," असं तो म्हणायचा. भंगारातला टर्बो, त्याला जपणं भाग होतं. मोठेबाबा घाईचे, पोचायच्या आधी दार उघडणारे, त्यांना तो दर वेळी बजावायचा, "बाबा, लगेच बंद नका करू." त्यामुळे आमच्या घराला एक सवय लागली. दारात आल्यावर कुणी उतरायचं नाही, सगळे तसेच बसायचे. त्या वेळात जेवढं बोलणं झालं तेवढं घरात कधी झालं नाही. मला नोकरी करायची नाही, लिहायचं आहे, हे मी वडिलांना त्या गाडीतच सांगितलं. दादानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुमी बी जरा दम खा. मंग बोला."

घाटाची परीक्षा त्यानं आईला घेऊन केली नाही. ज्वारीची पोती भरून एकटाच गेला. "मायच्या वजनाची घेतली," म्हणाला, तर मोठीआई रुसली. "तीन पोते? येवढी हावो का मी?" ...त्याच सुमाराला त्याचा डावा खांदा दुखू लागला. गाडीखाली उताणं पडून, पाना ओढून ओढून खांदा धरला, असं तो म्हणाला आणि आम्ही सगळ्यांनी ते मानलं. न मानायला काय कारण होतं? पाना डाव्या हातानंच ओढायचा तो. मोठीआई रोज तिळाचं तेल कोमट करून चोळायची. चोळल्यावर बरं वाटायचं.

ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी सकाळी आम्ही त्याच गाडीनं बहिणीकडे निघालो होतो. तो चालवत होता, शेजारी मोठीआई, मागे मोठेबाबा आणि मी, आणि डब्बे. घाट लागला तसं मोठीआईनं दारावरचं कडं घट्ट धरलं. मागच्या वेळची जागा आली. पुढून शिट्टीसारखा बारीक आवाज सुरू झाला, तो टर्बोचा, आणि गाडी पाठीत कुणी हात लावावा तशी वर सरकत गेली. माथ्यावर आल्यावर मोठीआई म्हणाली, "उतरू का आता?" दादा इतका हसला की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. मोठेबाबा चष्मा पुसत बसले होते.

दुपारी जेवणं झाल्यावर तो बाजेवर टेकला आणि म्हणाला, खांदा जास्तच दुखून राह्यला. मग घाम फुटला. मग छातीवर हात गेला. जावयांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या गावाला गेलेली, येते म्हणाले. आम्ही थांबलो नाही. मोठेबाबा चालवायला बसले, मागे मोठीआईच्या मांडीवर दादाचं डोकं, पुढे मी. परतीचाही चढ आहेच. मोठेबाबांनी पाय दाबला आणि गाडी चढली. मी देवाला मानत नाही, आमच्यात कुणीच मानत नाही. त्या चढावर मी एका भंगारातल्या चाकाला हात जोडले होते. दादा मध्ये मध्ये डोळे उघडायचा. त्याचं लक्ष आवाजाकडे होतं. दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, नेहमीच्याच सुरात, फक्त फार हळू, "बाबा... लगेच बंद नका करू."

स्ट्रेचर आलं. मी आणि मोठीआई त्याच्याबरोबर आत धावलो. आतल्या माणसांनी जे करायचं ते सगळं केलं, मी पाहत होते. मोठीआई त्याचा तळवा चोळत राहिली. आणि मोठेबाबा बाहेर गाडीत बसून राहिले, कारण मुलानं सांगितलं होतं. आयुष्यभर घाई केलेला माणूस त्या एका दिवशी थांबला.

पत्रकाला एक आरोपी लागतो. त्याशिवाय पत्रक लिहिताच येत नाही, ही माझी घरची शिकवण. गेले काही आठवडे मी आरोपी शोधते आहे. जंगलातल्या गावांना ॲम्ब्युलन्स कमी आहेत हे खरं आहे, ते मी लिहीन, भांडेन; पण आमच्यासाठी बोलावलेली ॲम्ब्युलन्स खरोखरच निघाली होती, आणि आम्ही तिच्यापेक्षा लवकर पोचलो. डॉक्टरांना मी विचारलं, अजून आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी खांद्याचं विचारलं. ते म्हणाले, डावा ना? हृदयाचं दुखणं पुष्कळदा आधी तिथेच कळतं. स्वस्त नळ्या विकणारा आरोपी? तेलाचा हात फिरवणारी आई? मी "जाहीर निषेध" असं कागदाच्या वर लिहिते, आणि खाली काही लिहिता येत नाही. मोठेबाबांनी मात्र आरोपी केव्हाच ठरवला आहे. "मी आत यायले पायजे होतं," एवढंच ते म्हणतात, आणि मग स्वतःच उत्तर देतात, "पन त्यानंच सांगितलं होतं ना पोरी... मी त्याचं आईकलं."

जलदान विधी झाला. गाडी शेडमध्ये उभी होती, मोठेबाबा तिकडे पाहत नव्हते. गेल्या रविवारी मोठीआई म्हणाली, पोरीकडे जायचं आहे. मी म्हटलं, बसनं नेते. "बसनं काऊन? गाडी हाय ना," ती म्हणाली. "त्यानं कोनासाठी केली मंग?" मला गाडी दादानंच शिकवली होती. पुढचं झाकण उघडून पाहिलं, तर हिरव्या लुगड्याचा तुकडा जागेवर होता, त्याच्यावर पांढरी रुई चिकटलेली. मी ती काढली नाही. घाटात शिट्टीचा आवाज आला तेव्हा मोठीआईनं कडं धरलं नाही. हात मांडीवर ठेवून ती समोर पाहत राहिली.

संध्याकाळी परत आलो. दारात गाडी उभी केली आणि किल्लीला लावलेला हात मी मागे घेतला. मोठीआईही उतरली नाही. पायरीवर बसलेले मोठेबाबा थोडा वेळ इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. मग उठून आले, मागचं दार उघडून आत बसले आणि दार लावून घेतलं. दिवे लागले. शेजारच्या काकू दारातून डोकावून आत गेल्या.

"खाल्ला असन दम तिनं आता," बऱ्याच वेळानं मोठेबाबा म्हणाले.

"हो," मोठीआई म्हणाली.

किल्लीला कुणीच हात लावला नाही.