कर्नलच्या प्रवाहात डोल

खोपटच्या एसटी डेपोसमोर टायरवाल्याच्या माडीवर आता मोबाइलचं दुकान आहे. नव्व्याण्णव साली तिथे परशुराम केणेशेठचं ऑफिस होतं. तीन कॉम्प्युटर आणि एकच पंखा, तोही कॉम्प्युटरकडे तोंड करून. माणसांनी घाम पुसायचा.

भिवाजी कोळी तिथे तात्पुरता होता. कळव्याच्या खाडीकाठचा. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच.

डोंबिवलीच्या एका सायबर कॅफेत इंटरनेटसाठी दोन फोनलाइनी होत्या. एक पडली की दुसरी आपोआप लागावी, असा प्रोग्रॅम हवा होता. कॅफेवाला शुक्रवारी बघायला येणार होता. जमलं तर भिवाजी कायम. नाहीतर मामाची होडी होतीच.

मशीनवर लिनक्स होतं, मासिकाबरोबर फुकट आलेलं. लाइन पडली की सगळ्यात आधी कळायचं कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला. त्याच्याशी बोलायला एक दार होतं, नेटलिंक नावाचं. ते उघडायचं कसं, हे कुठे धड लिहिलेलंच नव्हतं. मूळ कोड तेवढा होता. तो वाचायचा, करून बघायचं, मशीन अडकलं की बंद करून पुन्हा चालू करायचं.

भिवाजी कर्नलला सारखा विचारत राहायचा, लाइन आहे का? उत्तर यायचं. पण दोन प्रश्नांच्या मधे लाइन पडून परत उठली, तर पत्ता लागायचा नाही. त्याने प्रश्न वाढवले. मशीन धापा टाकायला लागलं.

गुरुवारी नामामामा एसटीला वेळ होता म्हणून माडीवर आला. भाचा एक बटण दाबतोय, वाकून बघतोय, परत दाबतोय.

"काय रं, पाग मारतस काय?"

"तसंच समज."

"मार मार. खांदा जाईल, बोईट मासा नाय गावाचा."

भिवाजी हसला. मग हसता हसता थांबला. पागाचं जाळं हाताने फेकायचं, रिकामं आलं की परत फेकायचं. डोलीचं, त्या पिशवीसारख्या जाळ्याचं, तसं नाही. ती प्रवाहाकडे तोंड करून खुंटांना बांधून ठेवायची. मासळी आपल्या पायाने येते. कर्नल न विचारता बोलत असेल तर?

मामा गेल्यावर त्याने कोड पुन्हा उघडला. दार उघडताना एक आकडा द्यावा लागे, कुठल्या बातम्या ऐकायच्या त्याचा. त्याने तिथे शून्य ठेवलं होतं. जाळं होतं, पण गुंडाळलेलं. त्याने आकडा बदलला आणि विचारणं बंद केलं.

शुक्रवारी कॅफेवाल्यासमोर शेठने स्वतः फोनची वायर उपटली. क्षणभर काहीच नाही. मग पडद्यावर एक ओळ उमटली, कोणी न विचारता. दुसरा मोडेम किरकिरायला लागला.

"सोमवारपासून कायम," शेठ म्हणाले.

"शेठ, मंगळवारपासून चालेल? सोमवारी उधाण आहे, डोल लावायची. मामा एकटाच आहे."

"कायम व्हायच्या आधीच रजा?"

शेठने उपटलेली वायर परत लावली.

"जा. येताना कोळंबी आण."