वीसच्या वीस पिवळे खडे

आता काय सांगू तुम्हाला, उद्यापनाच्या तांदळात मी माझ्या हाताने खडे टाकले! हसा हसा. पण पद्धत बरोबरच होती, हे मी आजही ठासून सांगते.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. माझे सोळा सोमवार पुरे झाले होते. सोळा मेहुणं जेवायला यायची, आणि आमच्या थोरल्या जाऊबाईंनी कोल्हारभर आधीच सांगून ठेवलेलं, "सुमनच्या भातात खडा असतोच." एकदा त्यांच्या दाताखाली आला होता ना! म्हटलं, महादेवा, यंदा माझी लाज राख.

पुण्याहून धाकटे भावजी आले होते. खोलीएवढ्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहायची त्यांची नोकरी. चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, आमच्याकडेही निवडणंच असतं. गिऱ्हाईकाला प्रोग्रॅम द्यायच्या आधी आम्ही किती चुका काढल्या आणि मागाहून त्याला किती सापडल्या, यावर आमचा कस ठरतो."

"मागाहून कळून काय उपयोग? पंगत उठलेली असायची!"

"म्हणून आमचे साहेब मुद्दाम मोजून चुका घालून ठेवतात. त्यातल्या जेवढ्या सापडतील, त्या मानाने बाकीच्याही निघाल्या असं धरायचं."

वा! मी तडक प्रवरेवर गेले आणि तांदळाएवढे वीस खडे वेचून आणले. पण माझे कुठले नि तांदळातले कुठले, कसं ओळखणार? हळदीत घोळले! अक्कल बघा माझी.

अकोल्याचा तांदूळ घेऊन चार बायका सुपं सरसावून बसल्या. शेजारची सखू ओरडली, "आगं बया, ह्यो पिवळा खडा कुठनं आला?"

"अजून आहेत! जास्त काढील तिला खण!"

झालं! काय एकेकीची नजर, काय ते हात! घटकाभरात वीसच्या वीस माझ्या तळहातावर.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, पांढरे बघितले का कुणी?"

"विसातले वीस निघाले, जाऊबाई! म्हणजे सगळेच निघाले. पुण्याचं गणित आहे हे. आता सुपाला कुणी हात लावायचा नाही!"

पंगत बसली. पहिल्याच घासाला एका कोपऱ्यातून कडाक! मग दुसऱ्या कोपऱ्यातून. जाऊबाईंनी आपला खडा पानात लिंबाच्या फोडीशेजारी नीट मांडून ठेवला. "पांढरा आहे गं," एवढंच म्हणाल्या.

भावजींनी कपाळाला हात लावला. "वहिनी, हळद कशाला लावलीत? चुका बाकीच्यांसारख्याच दिसायला हव्यात! बायकांनी पिवळं तेवढंच वेचलं."

"मग आधी सांगायचं होतं!"

पंगत उठल्यावर त्यांनी पानापानांतले खडे मोजले. एकवीस.

"एकवीसच ना?" मी म्हटलं. "तांदूळ केवढा होता!"

मग मी जेवायला बसले. समोर जाऊबाई, नजर माझ्या तोंडावर. पहिलाच घास, आणि दाढेखाली बाविसावा!

"काय गं, लागला?"

"छे!" म्हटलं आणि गिळून टाकला. महादेवाला काय ते ठाऊक, पण एकविसाचे बावीस मी होऊ दिले नाहीत!