झाकणावरून पूजा पोचत नाही

नवऱ्याने कोकणातून आणलेली सीतेची वेणी, झाडावर वाढणारं ते ऑर्किड, ग्वाल्हेरच्या हवेत जगणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऑर्किडची रोपं प्रयोगशाळेत वाढवणं हे माझं काम, आणि अक्कल शिकवणार हा! पण ओली पोती गुंडाळून त्याने ती जगवली, फुलवली, काडीने पराग लावून शेंगही धरवली. शेंग पिकायच्या आत तोच गेला. हृदयविकाराचा झटका आला आणि संपलं.

शेंग मी प्रयोगशाळेत कापली. ऑर्किडचं बी धुळीसारखं, स्वतःचं पोट भरायची ताकद नसलेलं. उकडून निर्जंतुक केलेल्या बाटलीत, गोड खळीवर ते रुजवावं लागतं. उन्हाळ्यात लू लागून मूळ झाड वाळलं. आता त्याचं म्हणून जे काही जिवंत होतं, ते बाटल्यांत होतं. प्रयोगशाळेतलं काम बंद पडलं तेव्हा त्या मी थाटीपूरच्या घरी आणल्या आणि सासूबाईंना बजावलं, "हात लावू नका, बाहेरची हवा लागली तरी मरतील."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पूर्वज फौजेत होते; तलवारी गेल्या, पूजा राहिली. पाटावर नवऱ्याचे पाने-पेचकस असायचे, माझे चिमटे असायचे. त्या वर्षीही मी ते मांडले आणि झेंडू आणायला बाड्यावरच्या बाजारात गेले. परत येते तर पाटावर बाटल्या. प्रत्येकीत हळदकुंकू, अक्षता.

"उघडल्यात तुम्ही?"

"ढक्कनवरून पूजा कशी पोचेल गं? बच्चे आहेत ना ते त्याचे."

मी बाटल्या पाटावरून उचलल्या. हिरवे अंकुर क्लोरीनच्या पाण्यात धुतले, नव्या बाटल्यांत घातले. वरातीमागून घोडं. हे वाचणार नाहीत हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी रोज सकाळी बाटल्या उजेडाला धरून बघायची आणि रोज मन आणखी खचायचं.

दिवाळीची सफाई चालू असताना सासूबाईंनी हाक मारली. "अगं, जल्दी ये! कापूस फुटलाय बघ आत. फूल येणार ना आता?"

बुरशी होती. सगळ्याच बाटल्यांत, पांढरीशुभ्र. मुलगा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

"हो," मी म्हटलं, "येईल."

मग कुकरमध्ये पाणी घातलं. बुरशी लागलेल्या बाटल्या उकडूनच फेकाव्या लागतात.