जयवंतचा जिल्हा

शेवंतीकाकीबद्दल लिहायला बसले की मला आधी राग येतो. तिच्यावर नाही. तिच्या दिरावर येतो, दादरच्या त्या एजन्सीवर येतो आणि खरं सांगायचं तर माझ्यावरही येतो.

आम्ही लालबागच्या एकाच चाळीत राहतो, दारासमोर दार. काकी मूळची कुडाळकडची. नवरा लवकर गेला, तेव्हा ती परळच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागली. सत्तावीस वर्षं वर्गावर्गांत नकाशे टांगले, उतरवले, गुंडाळून ठेवले. मुलगा जयवंत वेल्डर झाला आणि एजन्सीतर्फे अल्जीरियाला गेला. तिथे पार आत, सहाराच्या वाळवंटात, इन सालाह नावाचं गाव आहे. समुद्र हजार किलोमीटर लांब, आसपास गॅसच्या विहिरी. आषाढात तिथल्या कॅम्पवर जयवंतला हार्ट अटॅक आला. एकोणतिसाव्या वर्षी. त्याला इन सालाहच्या शवागारात ठेवलंय, एवढंच आम्हाला कळलं.

काकीला एकच गोष्ट हवी होती. मुलगा घरी यायला हवा, त्याचं तोंड बघून त्याला अग्नी द्यायचा.

अर्ज मी टाइप केला. काकी म्हणाली, "इन सालाहच लिही गो मेघना, तो तसाच सांगायचो." पण मी पडले बी.कॉम., मला जास्त कळतं! एजन्सीच्या करारावर जिल्हा तमनरासेत होता. मी तिला समजावलं की तिकडेही आपल्यासारखंच असतं. खाली ग्रामपंचायतीसारखं काहीतरी, वर तालुक्यासारखा दायरा, त्याच्यावर जिल्हा, त्याला ते विलाया म्हणतात. जिल्ह्याला लिहिलं की खालचे आपोआप हलतात. काकीने अर्जावर सही केली. सगळे कागद तमनरासेतला गेले, साडेसहाशे किलोमीटर दक्षिणेला. सोळा दिवसांनी तिथून उत्तर आलं की इन सालाह आता आमच्याकडे नाही, काही वर्षांपूर्वीच वेगळा जिल्हा झालाय, तिथे विचारा.

कराराचा छापील नमुना जुना होता आणि तो बदलायची तसदी कोणी घेतली नव्हती. आम्ही दोघी एजन्सीत गेलो. तिथला हितेंद्र चहाचा घोट घेत म्हणाला, "मावशी, टेन्शन नका घेऊ. तिकडे सगळी रेतीच रेती. हा जिल्हा काय नि तो जिल्हा काय."

काकीने टेबलावर हात आपटला. कप आडवा झाला.

"रेती तुझ्या डोक्यात भरलीहा!" ती ओरडली. "माझ्या बापाशीच्या दाखल्यार जिल्हो रत्नागिरी. मगे सिंधुदुर्ग येगळो झालो. आता रत्नागिरीचो कलेक्टर माका दाखलो देता काय? नाय ना देत? मगे ह्यो तमनरासेतवालो कसो देतलो? आताच्या आता नवे कागद काढ."

नवे कागद त्याच संध्याकाळी निघाले. जिल्हे वेगळे झाले तेव्हा बापाच्या एका दाखल्यासाठी हिने तीन ऑफिसं पालथी घातली होती. तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि मी तिला गप्प केलं होतं. याची चीड अजून जात नाही.

तोवर श्रावण लागला आणि भावकीला गणपती दिसायला लागले. मयत झालंय, अग्नी नाही, मग सुतक फिटणार कधी? आणि सुतकात गणपती आणायचा कसा? काकीचे दीर रमाकांत चाळीत येऊन म्हणाले, "वहिनी, सगळ्यांनी मूर्ती सांगितलेल्यो आसत. दर्भाचो पुतळो करून जाळूया. शास्त्रात आसा."

देह मिळणारच नसेल तर तसं करतात, हे खरं. पण देह मिळत होता. काकीने तोंडावर नकार दिला. तरी या लोकांनी गावी जाऊन परस्पर गवताचा जयवंत जाळला, दहा दिवस मोजले आणि मोकळे झाले.

खरा जयवंत चव्वेचाळिसाव्या दिवशी आला, हरतालिकेच्या सकाळी. पेटी चाळीच्या अंगणात उतरते न उतरते तोच रमाकांतकाकांचा गावाहून फोन.

"वहिनी, उद्या गणपती. आमच्यासाठी तो होऊन गेलो. पाच दिवस खयतरी शवागारात ठेवा, विसर्जन झाला की गुपचूप उरकूया."

पाच दिवस! दीड महिना थंडीत पडलेल्या पोराला आणखी पाच दिवस, यांचे मोदक बाटू नयेत म्हणून. मला द्यायला शिव्या पुरेनात. काकीने पेटीची काच पदराने पुसली, जयवंतचं तोंड बराच वेळ बघितलं. मग फोन घेतला आणि भावकीच्या ग्रुपवर आपल्या आवाजात मेसेज पाठवला, "जयवंत इलो. इन सालाहच्या कलेक्टरान पाठवल्यान. आज चार वाजता मी त्येका अग्नी देतंय."

ग्रुपवर बावीस घरं होती. पुतळा जाळलेला असला तरी खऱ्या अग्नीची बातमी ज्याने ऐकली, त्याला नव्याने सुतक लागलं. मिनिटभरात रमाकांतकाकांनी लिहिलं की मेसेज काढून टाका, अजून कोणी ऐकलेला नाही.

ते मी काकीला वाचून दाखवलं. तिने फोन माझ्या हातातून ओढून घेतला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागली.