भोंगाआक्काची हळू गाणी

सोळा यंत्रमाग चालू असताना ज्या बाईचं गाणं शेडच्या दारापर्यंत स्पष्ट ऐकू यायचं, तिला लोकांनी भोंगाआक्का म्हटलं यात नवल नाही. वडगावातल्या आमच्या शेडमध्ये नवा माणूस आला की तो आधी कानावर हात ठेवायचा, मग वर बघायचा आणि विचारायचा, "स्पीकर कुठं लावलाय?" आम्ही आक्काकडे बोट दाखवायचो. ती दोन मागांच्या मधे उभी राहून गात असायची, आणि हात मात्र धाग्यावर. मागावरची साडी तिची कधी बिघडली नाही.

सणासुदीला ती एका ऑर्केस्ट्रात गायची. शहापूर, मच्छे, कंग्राळी, थेट निपाणीपर्यंत तिची नाचायची गाणी वाजायची. ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी घरातल्या एका खोलीत भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंगची सोय केली होती. तिथं तिचे दोन अल्बम झाले आणि रिक्षावाल्यांनी ते तोंडपाठ केले. कुणी स्तुती केली की बाकीच्या बायका लाजून "कुठलं हो" म्हणतात. आक्का म्हणायची, "व्हय, चांगलंच गातो मी." आणि पुढच्या कामाला लागायची.

ज्येष्ठमधाचा एक तुकडा कायम तिच्या गालात असायचा. थंड पाणी ती पीत नसे. मला म्हणायची, "मुके, घशातनं बोलू नको. पोटातनं बोल. घसा जातो, पोट कुठं जात न्हाय." मुके हे माझं तिनं ठेवलेलं नाव. मी मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची आणि दिवसभरात चार शब्द बोलले तर पुष्कळ. पोटातून बोलायचं म्हणजे काय ते मला कळायचं नाही. मला पोटात भीतीच असायची.

शेडमध्ये तसंही कुणी आवाजानं बोलत नाही. मागांच्या खडखडाटात ऐकू कुठलं येणार? आम्ही ओठ हलवतो आणि समोरची ओठ वाचते. दुपारनंतर आक्काचं मोठं गाणं थांबायचं, पण ओठ हलत राहायचे. पुष्कळ दिवस मला वाटायचं, ती ज्येष्ठमध चघळतेय. एकदा कांड्यांची टोपली द्यायला गेले आणि सहज बघितलं, तर ओठांवर ओळ होती:

बस गेली घाटाखाली, आई उभी वळणावर.

आक्काचं माहेर घाटातलं, जांबोटीकडचं. मी टोपली घेऊन तिथंच उभी राहिले. तिनं मला बघितलं आणि ओठांनीच विचारलं, "वाचलंस व्हय गं?" मी मान हलवली. तेव्हापासून रोज दुपारी ती माझ्याकडे तोंड करून गायला लागली. ही गाणी तिची स्वतःची होती. माहेरच्या बसवर, वाळत घातलेल्या एका साडीवर, मुलीच्या पहिल्या पगारावर. तिला लिहिता यायचं नाही. मी चौथी शिकलेली, म्हणून वहीत माझ्या अक्षरात उतरवली. अशी सहा गाणी झाली.

तिसऱ्या अल्बमच्या वेळी तिनं मास्तरांना सांगितलं, "ही सहाच गाणार. हळू गाणार. मागं फक्त माग वाजू दे."

"आक्का, लोक तुझा आवाज ऐकायला येतात," मास्तर म्हणाले.

"मग हा काय शेजारणीचा हाय?"

एका रविवारी मास्तर रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन शेडमध्ये आले. एकच माग चालू केला आणि त्याचा आवाज भरून घेतला. कांडी मी दिलेली. ती मी नीट भरली नव्हती. पाच-सहा मिनिटांनी सूत तुटलं आणि माग खटकन बंद पडला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मास्तर परत चालू करायला निघाले, तर आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. रोज बंद पडतोय, आज पडला म्हणून काय झालं?" पुढं गाद्यांच्या खोलीत चौथं गाणं गाताना तिनं कानात तोच आवाज घेतला. माग बंद पडतो तिथं तिच्या दोन ओळी शिल्लक होत्या. त्या तिनं मागाशिवाय नुसत्याच गायल्या.

अल्बम फोनवर आला त्या दिवशी आम्ही जेवणाच्या सुट्टीत लावला. चौथं गाणं आलं. माग बंद पडल्याचा आवाज झाला आणि तिघीजणी हातातली भाकरी टाकून उठल्या, कुणाचा माग अडकला बघायला. माग तर सुट्टीचे म्हणून सगळेच बंद होते! एवढ्या हसलो की पुढच्या ओळी कुणी ऐकल्याच नाहीत.

हसू ओसरल्यावर शोभाकाकू म्हणाली, "आक्का, भोंग्याची पिपाणी झाली की गं."

"पिपाणी लग्नात वाजते काकू. भोंगा वाजला की कामाला यावं लागतंय," आक्का म्हणाली.

पण बाहेर लोकांना हसू येत नव्हतं. फोनवर गाण्याखाली लोक लिहीत होते, आवाज बसलाय, आजारी आहे का, जुनी गाणी परत द्या. मच्छेचा एक रिक्षावाला तिची गाणी लावल्याशिवाय रिक्षा काढत नसे. तो आलं आणि मध घेऊन तिच्या घरी आला. "आक्का, काढा करून पी. अन् ह्यावर नाचायचं कसं त्येवढं सांग." तिनं मध ठेवून घेतला आणि म्हणाली, "बसून ऐकायचं. तुला बसायचीच नोकरी हाय नव्हं?" आवडलेलेही होते, पण ते कमी आणि तेही हळू बोलणारे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एका बाईनं लिहिलं होतं, 'तीन वेळा ऐकलं. आईला फोन लावला.' ते मी आक्काला वाचून दाखवलं. तिनं मला परत वाचायला लावलं.

मग एके दिवशी सुट्टीच्या वेळी मास्तर शेडमध्ये आले. कंग्राळीच्या जत्रेत दरवर्षी आक्काचा कार्यक्रम असायचा. जत्रेवाल्यांनी निरोप दिला होता की असलं रडगाणं गाणारी बाई नको. मास्तरांनी तोड काढली होती. अल्बम काढून टाकायचा, त्याच गाण्यांना जोरात ठेका घालायचा आणि परत चढवायचा. "आजच सांग. न्हाय तर ते दुसरी गायिका बघतील. मग आमच्याबरोबर तुझं अवघड हाय."

ऑर्केस्ट्रात आक्काची वीस वर्षं गेली होती. गालातला तुकडा या गालातून त्या गालात गेला. मग तिनं सगळ्यांना सोडून माझ्याकडे बघितलं.

"मुके, तू सांग. सगळ्यांच्या आधी तुला ठाऊक हाईत ही गाणी."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी ओठ हलवले. माग बंद होते, तरी माझा आवाज निघालाच नाही. आक्कानं वाचलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. पण तिनं सोडलं नाही.

"मोठ्यानं सांग की गं. मास्तरांना ओठ वाचता येत न्हाईत."

"आहेत तशीच राहू देत," मी म्हणाले. इतक्या जोरात, की शोभाकाकूच्या हातातला पेला हिंदकळला.

"ऐकलासा?" आक्का मास्तरांना म्हणाली आणि कानडीत तोडलं, "साकु. बास झालं आता."

जत्रेत दुसरी गायिका गायली. चांगली गायली असं सगळे म्हणाले, आक्काही म्हणाली. पुढं ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं नाही. तिला वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. गणपतीत ढोल वाजायला लागले की ती मागांच्या मधे जरा जास्तच मोठ्यानं गायची. पण पश्चात्ताप केला नाही. निपाणीच्या त्या वखारीतल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं. चाळीसएक बायका, खाली सतरंजी, माईक नाही. मी बरोबर गेले होते. सहा गाणी झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि कुणी उठलंही नाही. एका म्हातारीनं कानडीत काहीतरी म्हटलं. आक्कानं तिचा हात धरला आणि पहिलं गाणं परत म्हटलं.

मग तिकडून बोलावणी येत गेली. मुलगी निपाणीतच दिलेली, म्हणून गेल्या वर्षी आक्का तिच्याकडे कायमची राहायला गेली. बसमध्ये चढताना मला म्हणाली, "सगळी चांगलं तरी म्हणत्यात न्हाय तर वाईट तरी. तू खरं सांगतीस. नवीन गाणं केलं की तुला पाठवीन."

परवा पाठवलं. मी तीनदा ऐकलं आणि फोन केला. "आक्का, शेवटचं कडवं नको. लांबतंय."

"तुला काय कळतंय गं चौथीवालीला?" ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी गाणं परत आलं. शेवटचं कडवं तसंच होतं आणि त्याच्या पुढं आणखी एक वाढवलं होतं. मी चुलीवरचा भात उतरवला, पदराला हात पुसले आणि परत फोन लावला. आधी पाठवलेलंही लांब होतं आणि हेही लांब आहे, हे तिला सांगायचं होतं.